काठी राहू दे

गोल्फच्या मैदानावर त्याला सगळे खांब म्हणत. होलपाशी झेंड्याची काठी धरून तो असा उभा राही, की पाखराने बिनधास्त खांद्यावर येऊन बसावं. खेळणाऱ्याने चेंडू ढकलला, की तो पोचायच्या आत काठी अलगद उपसून बाजूला व्हायचं; चेंडू काठीला लागता कामा नये, असा नियम. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण हल्ली खांबाला दिसत नव्हतं. लांबचं तर नाहीच, जवळचंही धुरातून पाहावं तसं. हे फक्त बायकोला ठाऊक.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं."

"सांगू आणि काय करू? घरी बसून तुझा लसूण सोलू?"

"सोलाल कसले! बोट कापून घ्याल."

काठी धरायला डोळे लागत नाहीत. चेंडू गवतावरून सरसरत येतो, ते कानाला कळतं. तेवढ्यावर तो दिवस ढकलत होता. आणि मेला तो नियम बदलला! म्हणे, काठी होलमध्येच ठेवून खेळलं तरी चालेल. मग काय, ज्याला त्याला घाई. "राहू दे रे काठी, तू चेंडू शोध!" आणि शोधायला तर डोळेच लागतात.

त्या सकाळी वकीलसाहेब होते, सोबत डॉक्टरीणबाई. वकीलसाहेब प्रत्येक वाक्याआधी घसा असा खाकरत, जणू समोर न्यायाधीशच बसलाय.

"अऽह्हं! खांब, काठी राहू दे. बाईंचा चेंडू झुडपात गेलाय, तो बघ जा."

"काढतो ना साहेब. काठीवर आपटून चेंडू बाहेर उडतो हो."

"अऽह्हं! उलट काठीला थटून आत पडतो."

"नाही साहेब, ऐका माझं. पाया पडतो तुमच्या!"

एवढ्याशा काठीसाठी पाया? बाईंना हसू आलं. "होऊन जाऊ द्या हो पैज वकीलसाहेब, आज हे हट्टालाच पेटलेत."

"अऽह्हं! ठीक. काठी ठेवून मारतो. उडाला तर माझी काठी कायम तूच धर. नाही उडाला, तर काठी जागेवर आणि तू झुडपात."

खांब होलशेजारी उभा राहिला. सगळा जीव कानात. वकीलसाहेबांनी चेंडू ढकलला. सर्रर्र... टक्! आत पडला असता तर तळाशी खडखडला असता. खडखड नाही. म्हणजे...

"उडाला! बघा साहेब, उडाला!" खांब चक्क नाचला.

बाई पुढे येऊन होलात डोकावल्या.

"खांबदादा," बाई हळूच म्हणाल्या, "चेंडू काठी आणि कडेच्या मधे अडकलाय. तुमच्या पायाशीच."

तो झटकन वाकला. बोटं गवत चाचपत राहिली. काठी सापडली, चेंडू सापडेना. चाचपता चाचपता काठीला धक्का लागला आणि चेंडू खडखडत आत गेला.

"कधीपासून?" वकीलसाहेबांनी विचारलं. न खाकरता.

खांबाने काठी उपसून छातीशी घट्ट धरली आणि बाजूला होऊन ताठ उभा राहिला.

"मारा साहेब," तो म्हणाला. "धरलीय मी काठी."