शुनच्याव मावशीची एक्केचाळीस अंडी

चीनमधल्या ह्वेइयांगकडच्या दाढीवाल्या कोंबड्या पाळणारी येह शुनच्याव मावशी पहिल्याच भेटीत माझ्याशी भांडली. "डॉक्टरीणबाई, तुमचा कागद म्हणतो कोंबड्या निरोगी. मग यांच्या कलेजीत एवढ्या गाठी कुठून येतात?"

मी सरकारी पशुवैद्य, कागद माझ्याच सहीचा होता, त्यामुळे राग आला. पण बाई खरं बोलत होती. त्या गाठींमधल्या विषाणूची जनुकं वाचून घेतली तेव्हा उलगडा झाला. कोंबड्यांना कॅन्सर देणारा हा विषाणू आमच्या भागात बदलत बदलत इतका वेगळा झाला होता, की आमची रक्ततपासणी त्याला ओळखतच नव्हती. त्याच्या आतला एक भाग मात्र तसाच होता आणि तो अंड्याच्या पांढऱ्यात सापडायचा. मग ठरलं, प्रत्येक कोंबडीचं एक अंडं घ्यायचं आणि त्यावर पेन्सिलीनं तिचा नंबर घालायचा. निरोगी कोंबड्या वेगळ्या काढता आल्या तर ठीक, नाहीतर शनिवारी सगळ्याच मारायच्या, असा सरकारी हुकूम होता. मावशीच्या सासूपासून चालत आलेला हा वंश आसपास दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता.

बुधवारी अंडी न्यायला गेले, तर मावशी नवऱ्याला, लाइ काकांना, झापत होती. शेजारचं बाळ महिन्याचं झालं होतं आणि रिवाजाप्रमाणे उकडून लाल रंगवलेली अंडी वाटायची होती. काकांनी हौसेनं नेमकी तपासणीच्या अंड्यांची टोपली उचलली आणि रंग नीट बसावा म्हणून एकेक अंडं व्हिनेगरनं पुसून ठेवलं. सगळे नंबर गेले. उकळायच्या आत मावशी पोचली, एवढंच नशीब.

"जन्मात एकदा आपणहून काम केलंत, ते हे!"

"मला वाटलं, पोरांनी रेघोट्या मारल्यात," काका पुटपुटले.

मी कपाळाला हात लावला. पुन्हा सगळ्यांची अंडी जमायला आठवडा गेला असता. मावशीनं जमिनीवर फतकल मारली आणि एकेक अंडं हातात फिरवायला लागली. "ही सात नंबर, हिचं टोक कायम वाकडं. ही तेवीस, हिचं कवच खरखरीत."

"मावशी, सरकारी काम अंदाजपंचे चालत नाही."

"तुमच्या पोरांची अक्षरं ओळखता ना तुम्ही? मग गप बसा."

दुसरा इलाज नव्हता, तिनं सांगितलेले नंबर घालून अंडी तपासायला दिली. निकाल आला. सतरा रोगी, चोवीस निरोगी. शनिवारचा हुकूम थांबला. तरी मला चैन पडेना, म्हणून एकेका कोंबडीच्या अंगातून नमुना घेऊन पुन्हा तपासणी केली; ही वेळखाऊ तपासणी शनिवारच्या आत झालीच नसती. एकही अंडं चुकलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

रोगी सतरा मावशीनं स्वतः आणून दिल्या. शेवटची, एकोणीस नंबरची लंगडी, तिच्या कुशीतून उतरेना. हिला तिनं स्वयंपाकघरात हातावर वाढवलं होतं.

"हिचा संशय तुम्हाला आधीच असेल, आणि मी पुन्हा तपासेन हे तर ठाऊकच नव्हतं. हिचं अंडं दुसऱ्या नंबरावर ठेवलं असतंत, तर तेव्हा कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

"कुणालाच नाही." मावशीनं लंगडीच्या दाढीवरून बोट फिरवलं. "पण हिच्याऐवजी एक धडधाकट कोंबडी मेली असती, आणि हिच्या अंड्यांतून निघालेली रोगट पिल्लं मी जन्मभर चिरत बसले असते. घ्या आता लवकर."

या वसंतात त्या चोवीसजणींची एकशे नव्वद पिल्लं निघाली. एकातही विषाणू नाही. तसं सांगितलं, तर मावशी माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मीही रडले.