रजईवाल्या रेमझीची जागा

रेमझी उस्ताद आमच्या तोझलूत रजया भरतो. कापूस पिंजणं, खोळ शिवणं, वर टाके घालणं, सगळं हातानं. गावातल्या निम्म्या नवऱ्या त्याचीच रजई घेऊन सासरी गेल्यात. माझं न्हाव्याचं दुकान त्याला लागून. माणूस तापट, पण बावीस वर्षांच्या शेजारात त्याला कधी खोटं बोलताना ऐकलं नाही.

त्याला नाद एकच, तोझलूस्पोर, आमच्या गावचा फुटबॉल क्लब. घरच्या मैदानावरची एकही मॅच त्यानं चौतीस वर्षांत चुकवली नव्हती. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या उजवीकडे त्याची जागा. तिथे दुसरं कुणी बसलं तर रेमझी बोलत नसे, नुसता समोर उभा राही. बसलेला आपोआप उठे.

आम्ही खेळतो त्या लीगचं नाव पहिली लीग, पण तिच्या वर आणखी एक लीग आहे. म्हणजे आम्ही दुसऱ्या पायरीवरचे, आणि त्या हंगामात तिथूनही घसरायला निघालो होतो. पहिल्या सात मॅचमध्ये एकही विजय नाही. प्रशिक्षक बदलला. मैदानावर मेंढा कापून त्याचं रक्त गोलच्या खांबाला लावलं, तर पुढच्याच मॅचला चार गोल खाल्ले. मेंढा अगदीच फुकट गेला असं म्हणता येणार नाही, रस्सा चांगला झाला होता.

मग एका रविवारी एका गोलनं मागे असताना रेमझी लघवीला गेला. या वयात वेळ लागतो. तो परत येईपर्यंत दोन गोल झाले, दोन्ही आमचे.

पुढच्या मॅचला पुन्हा मागे पडलो, तेव्हा पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, जरा जाऊन या ना."

"मला नाही लागलेली."

"नसू दे. नुसते उभे राहून या."

रेमझी चिडून उठला. तो बाहेर नळावर हात धूत होता तेवढ्यात आत आरोळी उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. क्लबचे अध्यक्ष मुअम्मरसाहेब पुढे, मी मागे, हातात बकलावा मिठाईचा खोका. मुलगी मागायला जावं तसे.

"उस्ताद, तुमचं क्लबवर प्रेम आहे," मुअम्मरसाहेबांनी सुरुवात केली.

"मुद्द्याचं बोला. बकलावा पाहूनच कळलं."

"हंगाम संपेपर्यंत घरी बसा."

"मग तुम्ही का नाही बसत? खेळाडू तुम्ही आणलेत, मी नाही."

"बसून पाहिलं," मुअम्मरसाहेब खाली मान घालून म्हणाले. "मागे आजारी होतो ना? तेव्हा तीन गोलनं हरलो."

मेलाहत वहिनी चहा घेऊन आल्या. "तीस वर्षं मी सांगतेय घरी बसा म्हणून. माझ्यासाठी कुणी बकलावा नाही आणला."

रेमझी बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. सुई आधीच ओवलेली होती. मग म्हणाला, "संघ वाचणार असेल तर बसतो. पण वाचला की माझी जागा परत."

तो बसला आणि आम्ही जिंकू लागलो, हेच वाईट झालं. रविवारी तो दुकान उघडून एकटाच रजई शिवायचा. एकदा त्यानं रेडिओ लावला तर बरोबरी झाली, मग मुअम्मरसाहेबांनी माणूस पाठवून रेडिओही नेला. मॅच सुटली की लोक त्याच्या दारात येऊन आभार मानायचे. मीही मानायचो. त्याचा पडलेला चेहरा दिसायचा, तरी मानायचो. आता लाज वाटते.

मे महिन्यात शेवटची मॅच आली. जिंकलो तर लीगमध्ये, नाहीतर खाली. मुअम्मरसाहेब मला म्हणाले, "फेरित, तू शेजारी. त्याच्यावर लक्ष ठेव." म्हणजे माझीही मॅच गेली. मी रेमझीच्या दुकानात स्टुलावर बसलो, तोंड वाकडं करून.

दुपारी तो उठला. "वडिलांच्या कबरीवर जाऊन येतो."

बापाच्या कबरीवर जाणाऱ्याला कोण अडवणार? मी मागोमाग गेलो. आमचं कबरस्तान मैदानाच्या वरच्या उतारावर आहे, हे मला वाटेत आठवलं.

रेमझी वडिलांपाशी जेमतेम दोन मिनिटं थांबला. मग एका सरूच्या झाडामागे जाऊन टाचा उंचावून उभा राहिला.

"उस्ताद, हे बरोबर नाही."

"मग जाऊन सांग."

मी गेलो नाही. त्याच्याशेजारी उभा राहिलो. तिथून एकच गोल दिसतो, दुसरा छपराआड. शेवटच्या पाच मिनिटांत त्या न दिसणाऱ्या बाजूला गलका झाला. मी त्याची बाही धरली.

"कुणाचा?"

"ढोल ऐक," रेमझी म्हणाला. "आपला आहे." आणि तो लहान मुलासारखा रडला. "मी पाहत होतो, फेरित. पाहत होतो तरी जिंकलो. दोष माझा नव्हता."

संध्याकाळी कहवेखान्यात लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले. त्यानं हात वर केला. "थांबा. मी मॅच पाहिली. आता माझी जागा द्या."

मला वाटलं, आता माफी मागतील. मुअम्मरसाहेबांनी चहाचा ग्लास हळूच खाली ठेवला.

"कुठून पाहिलीत?"

"कबरस्तानातून."

"नेमकं कुठून?"

"सरूच्या झाडामागून. का?"

"बसून की उभं राहून?"

"उभं राहून," रेमझी म्हणाला, आणि बोलताबोलता त्याला सगळं उमगलं.

मुअम्मरसाहेब विचारात पडले. "आणि शेजारी कुणी होतं का?"

मी मान हलवून नको नको म्हणत होतो. पण सांगितलं ना, हा माणूस खोटं बोलत नाही.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या मॅचला आम्ही दोघं सरूखाली उभे होतो. खुर्ची आणायला मनाई, कारण त्या दिवशी खुर्ची नव्हती. खाली तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी कुणीतरी पोपटी शर्टवाला बसला होता, त्याच्याकडे रेमझी एकटक पाहत होता.

"वाईट वाटतंय?" त्यानं मला विचारलं.

"वाटतंय."

"मला गेलं सगळं वर्ष वाटत होतं," तो म्हणाला, आणि झाडामागची बरी जागा मला देऊन स्वतः जरा बाजूला सरकला.