शंका आणि पंखा

मास्कच्या इतिहासावर मी चौदा पानांचं भाषण लिहिलं, ते विद्वत्तेपोटी नव्हे, रागापोटी. करोनाच्या दिवसांत अख्खं पुणं तोंड बांधून पुटपुटायला लागलं होतं. दूधवाला, बँकेतल्या बाई, जिन्यात भेटणारे शेजारी, कुणाचं मला धड काही कळेना. घरात मात्र बायकोचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. म्हणजे माझे कान शाबूत, दोष कापडाचा. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचा हा तर्क आहे, हे लक्षात असू द्या.

कसबा पेठेतल्या एका शिंप्याचे मास्क आमची अर्धी सोसायटी वापरायची. मी त्याच्याकडे जाऊन सुनावलं, की कापड फार जाड घेता, माणसाचं बोलणं आतच अडतं. तो काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. त्याने मास्क हनुवटीवर ओढला आणि पुन्हा सांगितलं, "काका, मास्क बोलायला नसतो."

मग मी हे प्रकरण मुळापासून खणायचं ठरवलं. मास्क लावून का होईना, जमायची परवानगी मिळाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे भाषण ठेवलं. दिवस उन्हाळ्याचे होते. सुरुवात युरोपातल्या प्लेगच्या डॉक्टरांपासून केली. ते म्हणे पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा घालत आणि त्या चोचीत सुवासिक पाला भरत. माझा मुद्दा एवढाच, की त्या चोचीतून डॉक्टर काय बोलत असेल आणि रोग्याला काय ऐकू जात असेल. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी तोंडाला जाळीदार कापड बांधलं, तिथेही माझी तक्रार तीच.

एवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी हात वर केला. मास्कमधून आवाज आला, "शंका विचारू का?" मी म्हटलं, शेवटी. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी वर्गात बोलायचो त्या आवाजात सगळ्यांनाच धीर धरायला सांगितलं. लोक रुमालाने वारा घेत होते. मला वाटलं, विषय रंगलाय.

पुण्याच्या पानावर आलो तेव्हा मी भलताच खुललो होतो. करोनाच्या कितीतरी आधीपासून आमच्या बायका दुचाकीवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून हिंडतात, हे सांगितलं आणि टाळीसाठी घरचं उदाहरण दिलं. आमच्याकडे सिग्नल लागला की मागे बसलेली बाई आधी स्कार्फ सोडते, मग उजवीकडच्या आरशात चेहरा नीट दिसेल अशी सरकते आणि मगच बोलते. "डावीकडे वळा" म्हणायलाही हिला नटावं लागतं. हॉल हसला. बायको मागच्या रांगेत बसली होती.

शेवटी मी त्या इंजिनिअरांना म्हटलं, आता खुशाल विचारा शंका. ते उठले, त्यांनी मास्क खाली केला. "पंखा लावू का, असं विचारत होतो. आता राहू द्या. घरी जाऊन लावतो."

लोक पुन्हा हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

खाली जिन्यापाशी बायकोने मास्कऐवजी बांधलेला स्कार्फ सोडला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही ओठ वाचता."

मी विचारलं, कधीपासून? मुलीच्या लग्नाच्याही आधीपासून, असं ती म्हणाली. म्हणजे बारा वर्षं तरी झाली. मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं एकदा. पाठमोरी होते. समोरून सांगायचा धीर झाला नाही."

मला माझी लाज वाटली. ज्याला नखरा ठरवून मी भर हॉलला हसवलं होतं, ती माझी कुबडी होती. आणि या बाईला बारा वर्षं स्वयंपाक करता करता, दिवा मालवल्यावर, शेजारून चालताना, मला काही म्हणून सांगता आलं नव्हतं. मी तर तिला कमी बोलणारी समजत होतो.

पुढच्याच आठवड्यात कानात यंत्र आलं. चष्म्याची काडी, मास्कची नाडी आणि यंत्र, अशी माझ्या कानावर पेठेइतकी दाटी झाली. पहिल्याच दिवशी मास्क काढताना यंत्र उडून भाजीवाल्याच्या मेथीत पडलं. शोधायला तिलाच वाकावं लागलं.

परतताना स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो. इतके हॉर्न वाजतात, हे मला नव्याने कळत होतं. मागे ती सवयीने आरशाकडे सरकली, हात स्कार्फच्या गाठीकडे गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "ऐकू येतंय."

हात तिथेच थांबला. "सगळं?"

"सगळं."

"मग आता तरी पुढे बघून चालवा," ती स्कार्फमधूनच म्हणाली, आणि घर येईपर्यंत बोलत राहिली.