डावरो, मी आणि भाऊंचं गाऱ्हाणं

शरमेपोटी मी एका माणसाला पंचेचाळीस वर्षं पत्र लिहिलं नाही.

तो माणूस आज सकाळी गेला.

शांतारामभाऊ. मालवणजवळच्या एका वाडीतले. आम्ही सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी बहारीनला एका अमेरिकन कंपनीत स्टोअर क्लार्क म्हणून लागलो होतो. वय तेवीस, गाव सांगलीकडचं इस्लामपूर, प्रोबेशन तीन महिने. पास झालो तर कन्फर्म, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि घरी.

क्वार्टरमध्ये एका खोलीत तिघं. मी, वसईचा डॉमनिक आणि भाऊ.

भाऊ कंपनीच्या लॉन्ड्रीत होते. तिथले अमेरिकन साहेब शुक्रवारी वाळूत बेसबॉल खेळायचे, त्यांचे कपडे धुता धुता भाऊंना त्या खेळाचं वेड लागलं. शुक्रवारी सगळे मनामाच्या बाजारात फिरायला जायचे, आणि हा माणूस थर्मास घेऊन मैदानाच्या जाळीमागे बसायचा.

साहेबांनी टाकून दिलेले खेळाचे पेपर ते खोलीवर आणायचे. इंग्लिश वाचायची ड्यूटी माझी.

पण मोठ्या खेळाडूंचं वाचायला लागलो की म्हणायचे, "सोड रे. मोठ्यांका बगूक देव आसा. नये पोरगे कोण इले ता सांग."

कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे स्प्रिंग ट्रेनिंग असतं. सीझनच्या आधी नवी पोरं बोलावतात, महिनाभर पारखतात. दोन-चार ठेवतात, बाकीची खालच्या टीममध्ये, कुठल्यातरी लहान गावात पाठवून देतात.

म्हणजे त्यांचंही प्रोबेशनच!

त्या वर्षी भाऊंचा जीव एका डावखुऱ्या बॉलरवर जडला. एकोणीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा. त्याचं नाव काही भाऊंच्या जिभेवर बसेना. म्हणून तो 'डावरो' झाला.

आणि एका शुक्रवारी सकाळी त्यांनी डावऱ्यासाठी चक्क गाऱ्हाणं घातलं.

कोकणात देवापुढे घालतात तसंच. तसबिरीपुढे नारळ, भाऊ हात जोडून उभे, मागे आम्ही दोघं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डॉमनिक आधी छातीवर क्रॉस करून मग सगळ्यात मोठ्याने ओरडला.

"ह्यो डावरो आवशीबापाशीक सोडून परमुलखात खेळाक इलो हा. तेच्या हाताक बळ दी, तेका टीमीत घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो आमचो सांगलीकडचो पोरगो. तेकाय टीमीत घी म्हाराजा!"

मला हसू आवरेना. पण तेव्हा 'व्हय म्हाराजा' मी मनापासून म्हटलं, हेही खरं.

पुढे दर शुक्रवारी हेच.

मार्च संपताना ऑफिसात सुपरवायझरकडे मी सहज डावऱ्याचा विषय काढला. त्याच्याकडे शॉर्टवेव्ह रेडिओ होता, सगळं ताजं कळायचं. तो म्हणाला, "तो? त्याला कधीच खाली पाठवला."

मी तारीख विचारली. आमच्या पहिल्या नारळाच्या आधीच त्याचा निकाल लागला होता. आमचा पेपर तीन आठवडे शिळा!

मला कोण आनंद झाला. तेवीस वर्षांचा शहाणा होतो मी. खोलीवर येऊन हसत हसत सांगितलं, "भाऊ, नारळ फुकट गेले तुमचे. डावरो कधीच खलास."

भाऊ इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "माका म्हायत आसा. पेपर शिळो आसता ता माका कळत नाय?"

"मग गाऱ्हाणं कशाला?"

"अरे, टीमीत नाय घेतल्यानी, म्हणान काय झाला? पोरगो खंय तरी खेळता मां? देव तेका थंय पावात."

मी हसलो. डॉमनिक हसला नाही.

पंधरा दिवसांत माझाच निकाल लागला.

पंपाचा एक पार्ट पाच एप्रिलला हवा होता. मी फॉर्मवर आपल्या सवयीने ५/४ लिहिलं. अमेरिकन आधी महिना लिहितात, मग तारीख. पार्टची ऑर्डर गेली चार मेची. पंप बंद पडला, आणि माझं प्रोबेशनही.

मुहर्रकच्या एअरपोर्टवर भाऊ सोडायला आले होते. मी मान खाली घालून उभा.

त्यांनी माझा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला होता. कॉलर नीट केली, म्हणाले, "यल्ला, चल आता. खेळत रव."

घरी आलो. पत्र लिहायला चार-पाचदा बसलो. काय लिहिणार? नापास झालेल्या पोराने? मग वर्षं गेली, आणि मग उशीर झाल्याचीच लाज वाटायला लागली.

आज डॉमनिकचा फोन आला. कुठूनतरी नंबर मिळवला त्याने.

"भाऊ गेले रे."

मग म्हणाला, "तू गेल्यावर आम्ही दहा वर्षं एका खोलीत होतो. दर मार्चला नारळ असायचा. नवीन पोरांची नावं बदलायची. शेवटची दोन कधी बदलली नाहीत. डावरो, आणि तू."

डॉमनिक बोलतच होता.

"गावी गेल्यावरही गाऱ्हाणं घालायचे, त्यांचा मुलगा सांगत होता. मला फोनवर नेहमी विचारायचे, सांगलीचो पोरगो खंय खेळता रे? मला कुठे माहीत होतं! तू केलंस तरी काय एवढी वर्षं?"

भाऊ, त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

गावच्या हायस्कुलात क्लार्क होतो. तीस वर्षं. पोरांचे दाखले लिहिले. एकाही दाखल्यावर तारीख चुकू दिली नाही.

खालची टीम होती. पण खेळत होतो.

हे एका पोस्टकार्डावर मावलं असतं, भाऊ. मी टाकलं नाही. चुकलो.

आत्ता स्वयंपाकघरातून नारळ आणलाय. मला तुमच्यासारखं गाऱ्हाणं येत नाही, येईल तसं घालतो.

बा देवा महाराजा, आमचे भाऊ आले आहेत. त्यांना तुझ्या टीमीत घे. शुक्रवारी जाळीमागे बसायला जागा दे.

फोन चालूच होता. वसईहून डॉमनिक मोठ्याने म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"