विहिरीतली डावी गोगलगाय

आकुर्डीला दोन खोल्यांत आमचा संसार होता. मी चिंचवडच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आमचे हे कंपनीत प्लेटिंग खात्यात, लोखंडी भागांवर मुलामा चढवायला. त्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. त्यामुळे रविवारी मी काय करते हे त्यांना बरेच दिवस कळलंच नाही. मी भोसरीला एका शेतातल्या जुन्या विहिरीत उतरायची, गोगलगायी बघायला.

कळलं तेव्हा पोट धरून हसले. म्हणाले, "गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते तुलाच गं!"

त्या विहिरीच्या ओल्या दगडांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी होत्या. शंखाचा शेंडा वर धरला की बहुतेक गोगलगायींच्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं. हिचं डावीकडे यायचं. माझ्याजवळच्या कुठल्याच पुस्तकात ती बसेना. जिवंत गोळा करायला मन होईना, थोड्याच होत्या बिचाऱ्या. मी कपारींतले रिकामे शंख तेवढे डबीत भरले. शेताची मालकीण वरून ओरडली, "जित्या बी ने की, बाई!" मी म्हटलं, "राहू देत मावशी, विहीर काय पळून जातेय?"

पुण्याला माझ्या जुन्या सरांना शंख दाखवले. त्यांनी भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं. म्हणाले, "ही बहुधा कुणी नोंदवलेलीच नाही. पण शंखाच्या तोंडात माती बसलीय, आतले दात, म्हणजे कडेचे बारीक उंचवटे, दिसत नाहीत. दातांशिवाय जात ठरत नाही. साफ करून आणा." मी बसमध्ये डबी छातीशी धरून बसले होते. एका नव्या जिवाला नाव मिळणार, आणि ते माझ्या हातून! काय सांगू, पाय जमिनीवर नव्हते.

मग रोज शाळेतून आले की पाण्यात भिजवायचं नि सुईच्या टोकानं माती काढायची. डोळ्यांना धारा लागायच्या. ह्यांना ते बघवेना. एक दिवस पहिल्या पाळीला जाताना ते मला न सांगता डबी घेऊन गेले.

त्यांच्या खात्यात येणारा प्रत्येक भाग आधी ॲसिडच्या टाकीत बुडायचा. गंज, तेल, माती, सगळं साफ! त्यांच्या हाताला तीच सवय. त्यांनी बारीक जाळीत शंख घातले नि बुडवले.

दुपारी बूट न काढताच दारात उभे राहिले. "अगं, नुसता फेस आला," म्हणाले. "जाळी वर काढली तर आत काहीच नाही."

"लोखंड होतं का ते? लोखंड होतं?" मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. आणि मला एकदम आठवलं, दरवर्षी वर्गात खडूवर ॲसिड टाकून मी पोरांना फेस दाखवते. शंखही त्याच चुन्याचा. अख्ख्या शाळेला सांगितलं, घरात मात्र कधी विषय निघाला नाही.

पुढच्या रविवारी रजा टाकून ते माझ्याबरोबर भोसरीला आले. विहीर नव्हती. जमीन मधल्या काळात कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, आणि विहिरीत काठाच्याही वर दगड-मुरूम भरला होता. हे त्या ढिगावर चढले आणि एकेक दगड उलटा करून बघायला लागले. बोटं सोलली तरी थांबेनात.

"चला हो आता," मी म्हटलं.

"थांब गं, एखादी तरी असेल."

नव्हती. सरांकडे मी पुन्हा गेलेच नाही. काय तोंड घेऊन जाणार?

त्यानंतर पावसाळा आला की कंपनीच्या बागेतून हे डब्याच्या वरच्या कप्प्यात गोगलगाय घेऊन यायचे. नेहमी तीच, बागा खाणारी, मुठीएवढी. डबा उघडून लहान मुलासारखे विचारायचे, "हीच का गं ती?"

"नाही हो, ही नाही." मी लगेच तिचं नाव, जात, कूळ सांगायची. बाई पडले ना शाळेतली! ते हं म्हणायचे नि तिला कुंडीत सोडून द्यायचे.

आता हे नाहीत. पावसात कुंडीपाशी गेले की स्वतःचाच राग येतो. एकदा, एकदा तरी "हो, हीच!" म्हणायला माझं काय जात होतं? त्यांना कुठं कळणार होतं?