वाटीभर पाऊस

ओमानमध्ये अल अमेरातला आमच्या इमारतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून दोन वर्षं होत आली होती. घरोघरी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची एक वेबसाइट आहे, तिच्यावर रोज सकाळी सातची नोंद टाकायची. इथे ती बहुतेक वेळा शून्यच असते, पण शून्यही टाकावं लागतं. शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि पाऊस नव्हता. रिकामी चौकट म्हणजे कुणी मोजलंच नाही. फॉर्मवर बर्फाचाही रकाना आहे. "आज बर्फ किती?" असं नवरा चहा पिताना न चुकता विचारायचा. मी तिथेही शून्य टाकायचे. माझी एकही चौकट रिकामी नव्हती. दोन वर्षं पुरी होईपर्यंत तसंच राहावं, एवढंच मला हवं होतं.

मग वसईला भाचीचं लग्न आलं. आम्ही दोघंही चार दिवस जाणार होतो. खालच्या मजल्यावर रत्नागिरीच्या भाभी राहतात, त्यांना विचारलं. यादी करून दिली: सातला वर जायचं, नळीतल्या पाण्याच्या पातळीला डोळे आणायचे, आकडा मला पाठवायचा, मग पाणी ओतून टाकायचं. त्यांनी ती फ्रिजवर लावली. तीन दिवस शून्य आलं. चौथ्या दिवशी आम्ही परतीच्या विमानाची वाट बघत असताना निरोप आला, की रात्री जोरात पाऊस झाला, पाणी ठेवलंय, येऊन मोजा.

बॅगा दारात ठेवून मी खाली गेले. भाभींनी पाण्याची बाटली पुढे केली.

"त्या बारीक रेघा मला दिसेनात, ताई. चुकीचं लिहिण्यापेक्षा तुम्हीच बघा म्हटलं. आणि पावसाचं पाणी ओतून कसं टाकायचं? रहमत असते ती."

त्यात चूक काही नव्हती. गच्चीवरून नळी खाली आणून बाटलीतलं पाणी तिच्यात परत ओतलं. एकोणीस मिलिमीटर. मी लिहून घेत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या की सासूबाईंना त्यातलं वाटीभर दिलं, गुडघ्यांसाठी, दुआ पढून.

मी तीच वाटी मागितली. नळाचं पाणी भरून मोजलं, तर बारा भरले. वाटी काठोकाठ होती का, असं विचारलं. भाभी म्हणाल्या, जरा कमीच असेल. आतून सासूबाई म्हणाल्या, भरपूर होती.

नवऱ्याचं म्हणणं, एकतीस टाक आणि मोकळी हो, कोण बघायला येतंय. मी फॉर्म उघडून बसले. एकतीसही असेल, अठ्ठावीसही असेल. पण दोन्ही आकडे मी पाहिलेले नव्हते. चौकट रिकामी ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं: पाऊस झाला, पाण्याचा काही भाग मोजण्याआधी वापरला गेला. भाभींना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. पण त्यांनी स्वतःच मोबाइलवर पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी सातला त्या चष्मा बदलून गच्चीवर हजर होत्या. शून्य होतं. त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

नंतर पाऊस आला तो बऱ्याच महिन्यांनी, चार मिलिमीटर. मी आकडा लिहिला, भाभींनी खाली वाकून तपासला आणि मग वाटी पुढे धरली. यादीतल्या शेवटच्या ओळीत आता 'ओतून टाकायचं' खोडून 'वाटीत ओतायचं' लिहिलं आहे. गुडघे अजून दुखतातच.