रघूने ओ दिलेलं गाणं

मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या एसटीची वाट बघत होतो, तेवढ्यात रघूचा फोन आला. स्क्रीनवर त्याचंच नाव, म्हणून मी नेहमीच्या थाटात सुरू झालो, "बोला ढोलकीसम्राट, आज सूर्य कुठून उगवला?" पलीकडून आवाज आला तो त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा. "भाऊजी, हे उठत नायत... कवाधरनं हलवते मी." झोपेतच हृदय बंद पडलं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. चाळिशीतला धडधाकट माणूस! मला अजून रघूचा राग येतो, खरं सांगतो.

आमचा बँड तिघांचा. गिटार आणि गाणं माझ्याकडे, बेस प्रकाशकडे, ड्रम रघूकडे. आम्ही वाजवतो त्याला पॉवर पॉप म्हणतात, आणि ते काय असतं हे शहापूर-मुरबाडात समजावून माझा घसा बसलाय. गोड चाल, तिच्यावर खणखणीत गिटार, तिघांनी मिळून ओरडायचा कोरस, आणि ऐकणारा कंटाळायच्या आत गाणं खलास. एवढं सगळं ऐकून घेऊन समोरचा हमखास विचारतो, "मग हळदीला किती घेता?" रघू स्वतः हळदीच्या बँजो पार्टीतूनच आलेला. पहिले दोन अल्बम लोकांनी उचलून धरले, तिसरा साफ आपटला. चौथा जमला नाही तर गाशा गुंडाळायचा, असं आमचं ठरलं होतं. म्हणून रेकॉर्डिंगसाठी तानसा तलावाच्या बाजूला, रघूच्या गावाबाहेर, एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड घेतली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावायचे अंड्यांचे ट्रे तिथे आयतेच पडले होते.

रघूचं घर जंगलाच्या कडेला. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही, हे त्याच्या आईने त्याच्या अंगात मुरवलेलं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर मारत नाही. रानात ठीक आहे हो, पण हा पठ्ठ्या रेकॉर्डिंगलाही तसाच! प्रकाश बाहेरच्या खोलीतून हेडफोनवर विचारायचा, "रघू, तयार?" गप्प. "अरे रघू?" गप्प. तिसऱ्यांदा प्रकाश शिवी घालायचा, तेव्हा कुठे आतून यायचं, "ओ, आलो." ड्रमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला हे तीन हाकांचं कीर्तन आहे.

तेरावं झाल्यावर आम्ही दोघांनी शेड उघडली. दहा गाण्यांचे ड्रम तो वाजवून गेला होता. आम्ही मोजून दहाच गाणी बांधली होती, आणि कॉम्प्युटरमध्ये अकरावी फाइल होती. मग आठवलं, रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं चहाला हायवेवर गेलो होतो. रघू म्हणाला, मी इथेच बसल्याबसल्या डोळा मिटतो जरा. रेकॉर्डिंगचं मशीन चालूच राहिलं असणार.

फाइलमध्ये आधी नुसती शेड ऐकू येते. पत्रा तापून कडकडतो. मग रघूचं स्टूल करकरतं, तो दचकून ताठ बसल्यासारखं... आणि शांत. परत स्टूल करकरतं, परत शांत. कोणाची हाक नाही, काही नाही. मग रघू अगदी स्वच्छ म्हणतो, "ओ, आलो." आणि वाजवायला लागतो. आमच्या कुठल्याच गाण्याचा नसलेला ठेका, आणि आयुष्यात इतकं सुरेख त्याने कधी वाजवलं नव्हतं. प्रकाश खुर्ची मागे सारून उठला. "उडव ते. आत्ताच्या आत्ता उडव."

मी उडवलं नाही. पण ठेवायचाही धीर होईना. शेवटी ठरलं, वहिनींचा निकाल तो आमचा निकाल.

वहिनी भर उन्हात चालत आल्या. पदरावरूनच हेडफोन लावले आणि डोळे मिटून सगळं ऐकलं. मग विचारलं, "कोनी हाक मारली यांना?" मी लगेच शहाणपणा सुरू केला: वायरीतला घोळ, जुन्या रेकॉर्डिंगचा मिसळलेला आवाज, झोपेतलं बोलणं...

"ते मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं हाका मारतेय मी. माझ्या दोन हाका रोज फुकट जायच्या. हितं कोनीतरी तिनदा मारलीय, आन् यांच्या वळखीचं हाय."

आता म्हणतील, पुसून टाका, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं की काय, देव जाणे. वहिनींनी डोळे पुसले.

"पुसू नका. पन असं एकट्याला नका ठेवू तिथं. तुमी दोघं जा यांच्यासंगती."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? तरी आत गेलो, हेडफोनवर रघूचा ठेका लावला आणि त्याच्यासोबत वाजवलं. वहिनी दाराशी बसून राहिल्या. शब्द नव्हते, म्हणून मी नुसतंच आ-आ करत गायलो. रघूने आम्हाला दोघांना अलगद ओढून नेलं. हे नवं गाणं अल्बममध्ये शेवटी घेतलंय. रघू त्यात मध्येच थांबतो. इशारा नाही, झांजेचा दणका नाही, एकदम बंद. कुठे थांबतो ते आम्हाला पाठ झालं होतं, दहादा ऐकलं होतं. तरी त्या दिवशी आमचे हात थांबले नाहीत. तो गेल्यावरही आम्ही दोघं थोडा वेळ तसेच वाजवत राहिलो आहोत.